दुखणं किती आणे?

दादांच्या गोळ्यांची वही अजून माझ्या कपाटात आहे. लांब, निळ्या पुठ्ठ्याची. पट्टी धरून पानापानावर पाच रकाने आखलेत: तारीख, वेळ, गोळी, दुखणं, शिल्लक.

दादा म्हणजे माझे वडील. एस.टी.त कंडक्टर होते. लातूर विभागाच्या गाड्यांवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. ड्यूटी संपली की डेपोत कॅश भरायची, वे-बिल जुळवायचं आणि मगच घरी यायचं, हा त्यांचा नेम. हिशोबात कमी पडले तर पैसे भरून द्यावे लागत, पण दादांना त्या पैशांपेक्षा फरक पडल्याचंच जास्त लागायचं. निवृत्त झाल्यावरही घरात दुधाची वही, किराण्याची वही, गॅसची वही होतीच. त्यामुळे मुंबईच्या डॉक्टरांनी ‘गोळ्यांचा हिशोब ठेवा’ म्हटल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. दादांनी आपणहून नवी वही काढली.

त्या वहीची पहिली अकरा पानं बरेच दिवस माझ्याने उघडवत नव्हती. आता मी ती लोकांना मुद्दाम दाखवते. त्याचं कारण सांगायचं म्हणून हे लिहिते आहे.

तंबाखूची सवय दादांना ड्यूटीवरच लागली. मुक्कामाची गाडी, पहाटे पुन्हा निघायचं, डोळ्यांवर झोप. ड्रायव्हर-कंडक्टर एकाच चंचीतली तंबाखू मळून खायचे. २०१७च्या पावसाळ्यात डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. मग तिथे जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. तपासणीत कॅन्सर निघाला. जबड्याचा काही भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, रेडिएशन झालं. पुढचं जवळजवळ वर्ष बरं गेलं. बोलणं थोडं बोबडं झालं होतं, पण आम्हाला कळायचं. २०१८च्या दिवाळीत कानाखाली पुन्हा गाठ आली. या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषयच काढला नाही. डिसेंबरात गिळणं बंद झालं आणि नाकातून नळी घातली.

आम्ही औशाला राहतो. माझी शाळाही इथेच आहे. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत, म्हणून आजारपणात मीच माहेरी येऊन राहिले होते. दादांचं दुखणं मी रोज बघत होते. ते म्हणायचे, “कानातून तापलेली तार घालून कुणी हनवटीपत्तोर ओढायलंय.” डोक्याला उपरणं घट्ट आवळून ते भिंतीला टेकून बसायचे. आडवं झालं की ठणका वाढायचा, म्हणून रात्रभर बसूनच असायचे.

आधी पॅरासिटामॉल झालं, मग डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं झाली. मग ट्रॅमाडॉल आलं. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ट्रॅमाडॉलही अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं होतं. आमचा वर्षानुवर्षांचा ओळखीचा मेडिकलवाला दर वेळी नवी चिठ्ठी मागू लागला. त्याचं चूक नव्हतं, पण चिठ्ठीसाठी दर वेळी दवाखान्याच्या रांगेत तासन्‌तास जायचे. शिवाय डिसेंबरच्या अखेरीला ट्रॅमाडॉलनेही भागेना. मी एका डॉक्टरांना विचारलं, “यापेक्षा जोराचं काही नाही का?” ते म्हणाले, “मॉर्फिन असतं. पण ते इथे मिळत नाही. आणि आत्ताच सुरू केलं तर शेवटी काय देणार?”

हे वाक्य मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. मॉर्फिन म्हणजे शेवटची वेळ, म्हणून ते राखून ठेवायचं, असंच मीही समजून चालले होते. तरी लातूरला जाऊन चार-पाच मोठ्या दुकानांत विचारलं. एकाने नुसती मान हलवली. एकाने विचारलं, “कशाला हवंय?” आणि मी कारण सांगितल्यावर आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, ती गोळी आम्ही ठेवतच नाही. नको ती भानगड.”

जानेवारी २०१९मध्ये भाऊ रजा काढून आला आणि आम्ही दादांना घेऊन लातूर एक्सप्रेसने मुंबईला गेलो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. परळच्या टाटा रुग्णालयात उपशामक उपचारांचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा, वेगळा विभाग आहे. दुखणं, उलटी, झोप, घरच्यांची घालमेल या सगळ्याचं तिथे बघतात.

तिथल्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी दादांना विचारलं, “काका, काहीच दुखत नसेल तर शून्य आणि सहनच होत नसेल तर दहा. आत्ता किती?”

दादांनी थोडा विचार केला. म्हणाले, “चौदा आणे.”

डॉक्टरांना कळेना. भावाने समजावलं, “सोळा आण्यांचा रुपया. त्यातले चौदा आणे दुखतंय.” डॉक्टरांनी मान डोलावली आणि केसपेपरवर खरंच ‘१४ आणे’ असं लिहिलं. तिथून पुढे आमच्या घरात दुखण्याचं माप आण्यातच राहिलं.

मग त्यांनी एका कागदावर तीन पायऱ्या काढल्या. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधं, दुसरीवर ट्रॅमाडॉल-कोडीनसारखी, तिसरीवर मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी ही शिडी सांगितली. मॉर्फिन तर तिच्या आवश्यक औषधांच्या १९७७च्या पहिल्या यादीपासून आहे. “काका दुसऱ्या पायरीवर होते, तिथे भागलं नाही, आता तिसरीवर जायचं. शेवट जवळ आलाय म्हणून ही गोळी देत नाही. दुखतंय म्हणून देतोय.”

मी ते ‘राखून ठेवण्याचं’ विचारलं. त्या म्हणाल्या, “या गोळीला वरची ठरीव मर्यादा नसते. पुढे दुखणं वाढलं तर बेताबेताने डोस वाढवता येतो. राखून ठेवून हाती काही लागत नाही. मधल्या दिवसांत माणूस तळमळतो तेवढंच.”

दहा मिलिग्रॅमची गोळी. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, दर वेळी एक. रात्री दहाला दोन, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. दिवसाला सहा. गोळी साधी असल्याने कुटून नळीतून दिली तरी चालेल. हळूहळू विरघळणाऱ्या जातीची असती तर कुटायची नसते. सुरुवातीला दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळेल, ते कमी होतं. पोट मात्र हटकून धरतं, म्हणून रात्री जुलाबाची गोळी चुकवायची नाही. एकदम बंद करायची नाही. कुलपात ठेवायची, मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. रिकाम्या पट्ट्या परत आणायच्या.

किंमत ऐकून आम्हाला आश्चर्य वाटलं. एका गोळीला मोजके रुपये. दादांच्या इतर औषधांपुढे ते काहीच नव्हते.

परतीच्या गाडीत मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. चिठ्ठी, केसपेपर आणि गोळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत. डब्यात पोलीस दिसले की छातीत धडधडायचं. काही गैर केलेलं नसताना मी चोरासारखी बसले होते.

घरी आल्यावर आईने विचारलं, “कशाची गोळी हाय?” मी सांगितलं. आई म्हणाली, “म्हणजे अफूच की.” तिच्या माहेरी एक म्हातारा रोज अफू खायचा. शेतावर जाताना बायका तान्ह्या लेकरांना अफू चाटवून निजवायच्या, त्यातलं एखादं उठायचंच नाही, हेही तिने लहानपणी ऐकलेलं. तिच्या मनातली अफू ही अशी.

त्याच रात्री ओहायोहून चुलतभावाचा फोन आला. तो तिथे पंधरा वर्षं आहे. मॉर्फिन म्हणताच तो घाबरला. “अगं, नको! इथे काय चाललंय तुला माहीत नाही. या गोळ्यांनी घरंच्या घरं गेली.” तो खोटं सांगत नव्हता. अमेरिकेत १९९०च्या दशकात औषध कंपन्यांनी या जातीच्या वेदनाशामकांची भरमसाट जाहिरात केली, साध्यासुध्या दुखण्यालाही डॉक्टर महिनामहिन्याच्या गोळ्या लिहून देऊ लागले. त्यातून लाखो लोक व्यसनात अडकले, मग हेरॉइनकडे आणि पुढे चोरट्या फेंटानिलकडे वळले. ओहायोला त्याची झळ फार लागली. चुलतभाऊ पोटतिडकीने बोलत होता. पण तो सांगत होता ते गरज नसताना मिळालेल्या गोळ्यांबद्दल, आणि माझ्यासमोर गरज असून गोळी न मिळालेला माणूस बसला होता. हा फरक मला तेव्हा कळला नाही.

मी गोळ्या लोखंडी कपाटात ठेवल्या, किल्ली मंगळसूत्रात अडकवली आणि मनाने ठरवलं: दिवसा द्यायच्या नाहीत. दिवसा दादा निभावतील. रात्री झोप लागावी म्हणून दहाच्या दोन तेवढ्या द्यायच्या. सहाऐवजी दोन. डॉक्टरांना विचारलं नाही, भावाला सांगितलं नाही. दादांना म्हटलं, “सवय नको लागायला.” दादांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मुलगी शिकलेली आहे, तिला कळत असेल, एवढाच त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ होता.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ते घड्याळाकडे बघायला लागले. दुपारी दोनला विचारायचे, “गोळीची येळ झाली का गं माय?” संध्याकाळी पुन्हा विचारायचे. मी म्हणायची, “रात्री देते, दादा.” मनात म्हणायची, बघा, मागायला लागले. चार दिवसांत सवय लागली. म्हणजे आपण हात आखडता घेतला ते बरंच केलं.

असे अकरा दिवस गेले.

अकराव्या रात्री तीनच्या सुमारास आईने मला हलवून उठवलं. बाहेरच्या खोलीत दिवा नव्हता. दादा लोखंडी कपाटाला चिकटून उभे होते, दोन्ही तळवे दारावर टेकलेले. मला वाटलं, गोळ्यांसाठी कपाट उघडायला बघताहेत. माझा आवाज चढला. “दादा, काय करताय?”

ते वळले नाहीत. मी जवळ जाऊन दिवा लावला. त्यांनी डावा गाल पत्र्याला दाबून धरला होता. थंडीचे दिवस, रात्रीचा पत्रा गारठलेला. डोळे मिटलेले, नळी खांद्यावर लोंबत होती. म्हणाले, “गार लागतंय जरा.”

उजाडेपर्यंत मी तिथेच बसून राहिले. वेळ होताच मुंबईच्या विभागाने दिलेल्या नंबरवर फोन केला. सिस्टरांनी उचलला. मी म्हटलं, “वडिलांना गोळीची सवय लागलीय असं वाटतंय, सारखी मागतात.” त्यांनी विचारलं, “दिवसाला किती देताय?” मी सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग म्हणाल्या, “काकांनी वही ठेवलीय ना? कालचं पान वाचा बघू.”

वही मी तोवर उघडूनसुद्धा बघितली नव्हती. दादांच्या उशाशी होती. मी वाचायला लागले.

सकाळी सहा: गोळी शून्य, दुखणं बारा आणे. दहा: गोळी शून्य, दुखणं चौदा आणे. दुपारी दोन: शून्य, चौदा आणे. संध्याकाळी सहा: शून्य, पंधरा आणे. रात्री दहा: गोळ्या दोन, दुखणं चौदा आणे. आणि त्याखाली, डॉक्टरांनी न सांगितलेली वेळ, रात्री बारा: दुखणं सहा आणे.

अकरा दिवस रोज हेच. न दिलेल्या प्रत्येक गोळीपुढे सुबक शून्य. एका अक्षराची तक्रार नाही. रिकामी गाडी गेली तरी कंडक्टर वे-बिल भरतो, तसं भरलेलं.

सिस्टर म्हणाल्या, “ताई, चार तासांनी औषधाचा असर उतरतो. उतरला की माणूस पुढची गोळी मागणारच. भूक लागल्यावर जेवण मागितलं तर आपण त्याला जेवणाचं व्यसन म्हणतो का? तुम्ही दिवसातून एकदा देताय, म्हणून ते बाकी सगळा दिवस मागतात. घड्याळाप्रमाणे द्या. मागायच्या आधी द्या. मग बघा, मागतात का.”

त्यांनी आणखी एक गोष्ट नीट समजावली, ती मी शाळेत मुलांना शिकवावी तशी मनात घोळवली. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं, पायरीपायरीने उतरवायचं. ते वेगळं. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही त्यासाठी जीव टाकणं, दुखणं नसताना नशेसाठी घेणं. ते वेगळं. कॅन्सरच्या दुखण्यात, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी गोळी घेणाऱ्या माणसात हे दुसरं क्वचित दिसतं. आणि बेताने वाढवलेल्या डोसाने माणूस लवकर जातो, हाही गैरसमजच.

फोन ठेवून मी किल्ली काढली. दोन स्टीलच्या चमच्यांमध्ये गोळी धरून दाबली, पूड केली, कोमट पाण्यात कालवली. सिरिंजमध्ये भरून नळीतून हळूहळू सोडली आणि मागून पाणी सोडलं, म्हणजे नळीत कण अडकायला नको. मोबाइलवर दिवसाच्या पाच वेळांचे गजर लावले. दादांनी वही ओढली आणि ‘गोळी’च्या रकान्यात सकाळच्या वेळी पहिल्यांदा १ लिहिला.

दोन दिवस ते गुंगीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी वहीत ‘चार आणे’ होते, चौथ्या दिवशी ‘दोन आणे’. त्या रात्री ते आडवे होऊन झोपले. आई दोनदा उठून त्यांचा श्वास बघून आली, कारण त्यांना असं पाठीवर निजलेलं तिने दीड महिन्यात पाहिलं नव्हतं.

पुढच्या साडेतीन महिन्यांत आजार वाढतच होता, गाठ फुटली, जखम झाली, तिची स्वच्छता करावी लागायची. तरी त्या दिवसांत दादा आमच्यात होते. सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. रस्त्यावरून तुळजापूरकडे जाणारी एस.टी. गेली की मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि बोटांनी दाखवायचे, सात मिनिटं लेट. माझ्या मुलाला त्यांनी आणे-पैशांचा हिशोब शिकवला. एकदा आईला खुणेने बोलावून घेतलं आणि बँकेची, पेन्शनची कागदपत्रं कुठे आहेत ते शांतपणे समजावलं. दुखणं पंधरा आणे असताना माणसाला यातलं काही सुचत नाही. गोळीची वेळ झाली का, हे त्यांनी नंतर कधी विचारलं नाही. गजर व्हायचा, ते वही उघडून बसायचे.

अडचण होती ती गोळ्या आणण्याची. मार्चमध्ये डोस दुप्पट झाला, म्हणजे दिवसाला बारा गोळ्या. संपत आल्या की भाऊ चाकणहून रजा काढून परळला जायचा, फोनवर दादांची तब्येत सांगून नवी चिठ्ठी घ्यायचा आणि रात्रीच्या गाडीने औशाला यायचा. एकदा गाडी रखडली आणि ‘शिल्लक’च्या रकान्यात ३ आलं. तेव्हा दादांचा हात थरथरला होता, ते अक्षरात दिसतं. काही रुपयांच्या गोळ्यांसाठी पाचशे किलोमीटरचा प्रवास. आमच्याकडे निदान जायला भाऊ होता.

एवढी स्वस्त गोळी जिल्ह्याच्या गावी का नाही, हे मी नंतर शोधून वाचलं. जे वाचलं त्याने वाईट वाटलं. जगात अफूचा चीक कायदेशीरपणे काढून निर्यात करणारा देश म्हणून भारत ओळखला जातो. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे आणि राजस्थानात चित्तोडगडकडे शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात. उन्हाळा लागायच्या सुमाराला बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करतात आणि तो सरकार विकत घेतं. नीमच आणि गाझीपूरला त्याचे सरकारी कारखाने आहेत. मॉर्फिन याच चिकातून निघतं. म्हणजे माल आपल्याच देशातला.

तो आपल्याच रोग्यापर्यंत पोचेना, याला मोठं कारण १९८५चा अंमली पदार्थांचा कायदा. तस्करी रोखण्यासाठी तो फार कडक केला. तेव्हा बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा होती. तस्करांना धाक बसला की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण दवाखाने आणि औषधवाले पुरते घाबरले. थोडं मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागायचे, आणि शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पार तळाला गेला. त्या काळात डॉक्टर झालेल्या पिढीने ही गोळी हाताळलीच नाही. ‘शेवटी काय देणार’ म्हणणारे आमचे डॉक्टर त्याच पिढीतले. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

याच देशात दुसरी वाटही दिसते. मुंबईत वांद्र्याला १९८६मध्ये शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रोग्यांची सेवा करणारं ठिकाण. पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्लाचं उपशामक उपचारांचं केंद्र आहे. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये कोझिकोडला वेदनामुक्तीचं केंद्र काढलं. तिथून गावोगाव घरी जाऊन सेवा देणारी माणसं तयार झाली आणि २००८मध्ये राज्याने त्यासाठी धोरणच केलं. न्यायालयात आणि संसदेत वर्षानुवर्षं पाठपुरावा झाल्यावर २०१४मध्ये कायदा बदलला. मॉर्फिनसह काही औषधं ‘आवश्यक’ म्हणून वेगळी काढली. आता दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता लागते, वेदनाशमनाचं शिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो आणि चोख नोंदवही लागते. यात अशक्य काही नाही. तरी २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशोब मांडला तेव्हा भारतातली गरज जेमतेम चार टक्के भागत होती. कागद बदलला, मनातली भीती तशीच राहिली. मी ती माझ्याच घरात, माझ्याच गळ्यातल्या किल्लीत बघितली आहे.

मला कुलूप नको असं मी म्हणत नाही. अमेरिकेत झालं ते आपल्याकडे होऊ नये. गोळी कुलपात असावी, मोजून द्यावी, उरलेली परत करावी. माझं मागणं एवढंच आहे की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे कुलूप उघडायचा अधिकार आणि शिक्षण असलेला एक डॉक्टर, घरच्यांशी फोनवर बोलणारी एक सिस्टर आणि एक नोंदवही असावी. माझ्या वडिलांनी नळी लावलेल्या अवस्थेत जी वही चोख ठेवली, ती सरकारी दवाखान्याला ठेवता येणार नाही असं नाही.

दादा वैशाखात गेले, घरीच, पहाटे. शेवटच्या रात्रीची नोंद माझ्या हातची आहे. दुखण्याच्या रकान्यात काय लिहायचं कळेना, म्हणून आईला विचारलं. आईने त्यांच्या कपाळावर हात फिरवला, चेहरा बघितला आणि म्हणाली, “काही नाही. शून्य लिही.”

तेरावं झाल्यावर भाऊ ३४ उरलेल्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्या आणि ही वही घेऊन परळला गेला. सिस्टरांनी सगळ्या गोळ्या मोजल्या, आणलेल्या नि दिलेल्या ताडून बघितल्या. एकाही गोळीचा फरक नव्हता. त्यांनी शेवटच्या पानावर सही करून वही परत दिली.

गावात कुणाकडे असा रोगी असला की लोक आता माझ्याकडे येतात. गेल्याच महिन्यात शाळेतल्या एका मुलीची आई आली. सासऱ्यांना मुंबईहून गोळ्या मिळाल्या होत्या आणि तिने त्या देवघरात, देवीच्या फोटोमागे ठेवल्या होत्या. मला म्हणाली, “बाई, दिवसा देऊ का नको? सवय लागंल म्हणून रात्रीच देते.”

मी तिला खाली बसवलं, वही आणली आणि पहिलं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, “ही शून्यं मोज.”

ती बोट ठेवून मोजू लागली. अकराव्या पानापर्यंत गेली. चव्वेचाळीस झाली. मग ती वर न बघता म्हणाली, “दुपारची येळ होत आली,” आणि चपला घालून घाईने निघाली.